गुणगुण वजा करता

रे रोडच्या गाळ्यात खाली लेथ, वर आम्ही तिघं,
आणि साबणाच्या वडीएवढी एक डबी
जिला माणसाचं हृदय ऐकायला शिकवायचं होतं.

पहिल्या दिवशी हृदय ऐकूच आलं नाही.
पडद्यावर आली ती शहराची वीज :
सेकंदाला पन्नास हेलकावे,
शेजारचं वेल्डिंग, ट्यूबलाइटचा चोक,
भिंतीआडून गेलेली जाडजूड केबल.
माणूस म्हणजे उभी अँटेना, इद्रिस म्हणाला,
आणि शर्टाची बटणं काढून
स्वतःच स्टुलावर बसला.

तेव्हापासून चाचणीचा माणूस तोच.
दुपारी लॅमिंग्टन रोडवरनं
घासाघीस करून रेझिस्टर आणायचा,
संध्याकाळी छातीवर तीन चकत्या चिकटवून घ्यायचा.
काढताना केस उपटले जात.
"हार्डवेअरचा त्रास," एवढंच म्हणायचा.

गुणगुण मी गाळली.
गणिताची चाळण बारीक करत करत
पन्नासचा आकडा तेवढा नेमका पुसला,
आणि एका रात्री पावणेदोनला
कोऱ्या रेघेवर टेकडी, सुळका, टेकडी –
अंधारात कुणी आपलं नाव सांगावं तसं.

पण दर अकरा-बारा ठोक्यांनी
एक ठोका वेळेआधीच यायचा, रुंद, बेढब,
मग एक रिकामी जागा,
मग पुन्हा सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही.

तीन आठवडे आम्ही त्या रिकाम्या जागेच्या मागे होतो.
कपॅसिटर बदलले. तार आखूड केली.
मी माझ्या प्रोग्रामवर संशय घेतला,
दस्तूरकाकांनी सोल्डरवर,
भिंगातून एकेक टाका तपासला.
दोघांनी मिळून बॅटरीला शिव्या घातल्या.
इद्रिस निमूट बसलेला.
"अजून एकदा घ्या. मला कुठं घाई आहे?"

शेवटी कंटाळून चकत्या मी स्वतःला लावल्या.
रेघ चालत राहिली, बाराव्या पायरीवर न अडखळता.
काकांना लावल्या. त्र्याहत्तर वर्षं, तरी सरळ.
चहा घेऊन आलेल्या पोराला लावल्या.
मग कुणी काही बोललं नाही.
खालचा लेथ तेवढा फिरत होता.

इद्रिस पडद्याकडे बघत म्हणाला,
"म्हणजे मशीन पास."

केईएमच्या बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही.
डॉक्टरीणबाईंनी मोठ्या यंत्राचा कागद काढला,
आमच्या डबीशेजारी धरला.
तोच सुळका, तीच रिकामी जागा.
मला आनंद झाला.
त्याची लाज अजून गेलेली नाही.

आता तो रोज एक गोळी घेतो,
सिगारेट सोडली असं सांगतो.
आणि पहाटे डबी घेऊन आम्ही ससून डॉकला जातो,
कोलंबी सोलणाऱ्या बायांच्या नोंदी घ्यायला.
कोरड्या कातडीला जेल लावावं लागतं, इथं नाही.
मथुरा तांडेलनं दोन्ही ओले अंगठे टेकवले
आणि मिठानं सगळं घडाघडा सांगून टाकलं.
इतकी स्वच्छ रेघ गाळ्यात कधी उमटली नव्हती.

"काय लिवलंय गो?" ती विचारते.
मी तोंड उघडते. दर, अंतर, मिलिसेकंद,
यातलं तिचं काय, ते आठवत असते,
एवढ्यात धक्क्याला बोट लागते,
ती पाटी उचलते, अंगठे सुटतात,
रेघ सपाट.

डबी घाबरून किंचाळायला लागते.
इद्रिस तिला तळहातात झाकून घेतो.
"अगं, बाई कामाला गेली," तिला सांगतो,
"गप."